नळाला बांधलेली चिंधी

पाण्यातलं कळणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे आणि तो माझ्या आईचा मामा आहे, असं माझ्या आईच्या मामांचं प्रामाणिक मत होतं. बाकीचे आपण सगळे केवळ तहान लागते म्हणून पाणी पिणारे. नात्यानं ते माझे आजोबा लागत, पण घरातले लहानमोठे सगळे त्यांना मामाच म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणायची. घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी रंगाऱ्यांचं. देवराज मोहल्ल्यात त्यांच्या वडिलांच्या रंगाच्या कढया होत्या. पुढे कढया गेल्या, रंगाच्या डब्यांचं दुकान आलं, मुलांनी त्याचं साड्यांचं दुकान केलं, तेव्हा मामा रागावून वरुणा गावाच्या वाटेवरच्या एका नव्या लेआउटमध्ये राहायला गेले. तिथं नगराचं पाणी पोचलेलं नव्हतं, गटारं तर नव्हतीच. प्रत्येक घरामागे संडासाचा एकेक खड्डा होता. मामांनी रिकाम्या जागेवर आधी बोअर मारली आणि मग घराचा पाया खणला. "पाणी चाखल्याशिवाय भिंत कशाच्या भरवशावर उभी करायची?" असं त्यांनी गवंड्याला विचारलं होतं. गवंडी अजून ते सांगतो.

लग्नकार्याला जाताना लोक आहेर घेऊन जातात, मामा फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी घेऊन जात. पंगतीत वाढपी पाण्याचा जग घेऊन आला की ते पानावर हात आडवा धरत, जणू कुणी श्रीखंडाचा चौथा आग्रह करतंय. एकदा आम्ही सगळे टी. नरसीपूरला संगमावर गेलो होतो. घाटावर माणसं हात जोडून उभी, आणि मामांनी ओंजळीत आधी कावेरीचं पाणी घेतलं, मग होडीवाल्याला पलीकडे न्यायला लावून कपिलेचं घेतलं, दोन्ही जिभेवर घोळवून थुंकून टाकली आणि म्हणाले, "कावेरी बरी आहे. कपिलेत लाल रंग जरा मंद येईल." शेजारी संकल्प सांगणारे भटजी मंत्र विसरले. माझ्या मावसबहिणीला सांगून आलेलं एक चांगलं इंजिनिअरचं स्थळ मामांनी त्या गावच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही म्हणून मोडायला लावलं. "पोरगी जन्मभर धुणं घासत बसेल," ते म्हणाले. "अहो, त्यांच्याकडे मशीन आहे," मामींनी सांगितलं. "मग मशीन रडेल."

आता याला विक्षिप्तपणा म्हणून हसून सोडून द्यायला माझी हरकत नव्हती. पण मामांची स्वतःची एक परीक्षा होती आणि त्या परीक्षेवर आख्खी गल्ली पाणी पीत होती, इथे माझं डोकं फिरायचं. दुसरे लोक खिशाला पेन लावतात तशी मामांच्या खिशात हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवलेली सुती चिंधी असे, फिकट पिवळी. कुठंही गेलं की ती पाण्यात बुडवायची. पाण्यात लोह असलं तर चिंधी राखाडी पडते. रंगाऱ्यांची ही परीक्षा अगदी खरी आहे. लोहाच्या पाण्यात लाल रंग मरतो, म्हणून त्यांच्या सात पिढ्यांनी ती केली. चूक एवढीच, की जे पाणी रंगाला चांगलं ते पोटालाही चांगलं असं मामा धरून चालले होते. रंगाला जुलाब होत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं.

त्यांच्या बोअरच्या पाण्यात चिंधी पिवळीच्या पिवळी राहायची, साबण फेसाळायचा आणि पाणी खरंच गोड लागायचं. आमच्या भागात असं पाणी लागणं ही नशिबाची गोष्ट आहे. मामा ती स्वतःची कर्तबगारी समजत. एवढं पाणी घरात ठेवणं त्यांना अशक्यच होतं. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीतून पाईप बाहेर काढून रस्त्याच्या बाजूला नळ बसवला, खाली घडे ठेवायला दगड, वर पत्रा. सकाळी पंप सुरू करायचे आणि खुर्ची टाकून शेजारी बसायचे. येणाऱ्यानं घडा भरण्याआधी एक घोट प्यायचा आणि मामांनी "हेगिदे?" म्हणून विचारलं की कसं आहे ते सांगायचं, हा रिवाज. "चांगलं आहे" म्हणणाऱ्याकडे ते दयेनं बघत. "चांगलं म्हणजे काय? इडली चांगली असते. पाणी हलकं असतं, नाही तर जड असतं." समोरची दूधवाली गौरम्मा मात्र रोज न चुकता म्हणायची, "अज्जा, कालच्यापेक्षा हलकं आहे." तिला मामा दोन घडे जास्त देत.

मी त्या वेळी पिण्याच्या पाण्यावर काम करणाऱ्या एका छोट्या गटात होते. आम्ही पत्रकं छापायचो, कन्नडमध्ये आणि थोडी मराठीतही, आणि दारोदार वाटायचो. 'स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असेलच असं नाही' हा माझा मथळा. मामांनी ते पत्रक हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं. मला वाटलं वाचतायत. "पिवळ्या कागदावर लाल शाई?" ते म्हणाले. "कोण वाचणार हे?" मजकुराविषयी त्यांचं म्हणणं असं, की "नोडु, बघ, दिसत नाही ते आहे असं म्हणणारे दोघंच. एक देवळातले पुजारी आणि एक तू. पुजारी निदान तीर्थ देतात." उरलेल्या पत्रकांच्या पुड्या करून त्यांनी त्यात हिरड्याची पूड भरली.

त्या पावसाळ्यानंतर गल्लीत दोन घरांत कावीळ झाली. पोट बिघडणं तर इतकं रोजचं झालं होतं की लोक ते हवेवर ढकलून मोकळे होत. आणि त्याच सुमाराला गौरम्माची मुलगी लता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, सातवा महिना. त्या दिवसांत कावीळ झाली तर बाई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात, हे मी पत्रकात ठळक छापलं होतं, आणि लता रोज मामांच्या नळाचा तांब्या तोंडाला लावत होती. मी बोअरपासून मामांच्या संडासाच्या खड्ड्यापर्यंत चालून पाहिलं. बारा पावलं. तिथला खडक भेगांचा, आणि बोअरमध्ये आतून घालतात तो पाईप मामांनी अर्ध्यावरच थांबवलेला. का, तर लोखंडाचा म्हणून. लोह नको.

आमच्याकडे परीक्षेच्या छोट्या बाटल्या असत. आत औषध लावलेल्या कागदाचा तुकडा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, आणि एकदोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. मी मामांच्या नळाचं पाणी भरून बाटली मामींच्या बंबाजवळच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती डांबरासारखी काळी. मी ती घेऊन मामांसमोर उभी राहिले, आणि खरं सांगायचं तर मला थोडा आनंदच झाला होता.

मामांनी बाटली उजेडात धरली. "काळं कशानं झालं?"

"जंतूंनी."

"जंतू काळे असतात?"

"नाही मामा, ते वायू सोडतात, त्यानं कागदावरचं औषध काळं होतं."

"औषध कशाचं?"

मला माहीत नव्हतं. मामांनी बाटली अगदी हळू खाली ठेवली, हरलेल्या माणसाला लागू नये अशा बेतानं. "काळं होतं ते लोह. आमच्या घरात सात पिढ्या काळा रंग लोहानंच केलाय. तुझ्या कागदात लोह, आणि नाव माझ्या पाण्याचं खराब?"

घरी जाऊन मी बाटल्यांबरोबरचं माहितीचं पान वाचलं. कागदावर लोहाचा क्षार होता. अर्धं बरोबर असणाऱ्या माणसाशी वाद घालण्याइतकं वैतागाचं काम दुसरं नाही. मी उकळलेल्या पाण्याची बाटली भरून दाखवली, कागद तोच, पाणी स्वच्छ राहिलं. "उकळलेलं पाणी मेलेलं असतं," मामा म्हणाले, "ते काय काळं करणार?" मी प्रयोगशाळेचा अहवाल आणला, त्यातही तेच होतं. "हा कागद पाणी पिऊन लिहिलाय का?" आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ही, की गल्ली मामांचं ऐकत होती. जी दोन-चार घरं पाणी उकळायची, त्यांनी मामांच्या मेलेल्या पाण्याची धास्ती घेऊन उकळणं सोडून दिलं. मी घसा सुकवून सांगायची आणि गौरम्मा म्हणायची, "अज्जा स्वतः पितात ना? मग?" या 'मग'ला माझ्या एकाही पत्रकात उत्तर नव्हतं.

शेवटी एका सकाळी नळापाशी, घड्यांच्या रांगेसमोर, मी मामांना तोंडावर म्हटलं की तुम्ही लोकांना तुमच्या संडासाचं पाणी पाजताय. मामी दारात आल्या. मामा खुर्चीतून उठले नाहीत.

"खड्ड्यातलं पाणी बोअरमध्ये येतं म्हणतेस?"

"हो."

"म्हणजे आत वाट आहे."

"आहे."

"मग त्या वाटेनं रंगही येईल. रंगाला कोण अडवणार?" त्यांनी रांगेकडे पाहिलं. "मी माझ्या खड्ड्यात रंग सोडतो. आठ दिवस. नळाला रंग आला तर नळ माझ्या हातानं बंद करीन. नाही आला तर हिनं या गल्लीत पुन्हा कागद वाटायचे नाहीत. आयतु?"

मी म्हटलं, आयतु, ठरलं. पण आठ दिवस लता उकळलेलं पाणी पिईल. "पिऊ दे," मामा म्हणाले, "मेलेलं पिऊन स्वतःच परत येईल." लतानं मला नंतर एकदा हळूच सांगितलंही, "अक्का, त्या पाण्याला चुलीचा वास येतो. आठ दिवस झाले की मी अज्जांचंच पिणार हं."

दुकानातला राणी रंगाचा शेवटचा डबा मामांनी परसातल्या कट्ट्यावर जपून ठेवला होता. तो त्यांनी दोन बादल्यांत कालवला आणि संडासात ओतला. संडास असा काही गुलाबी झाला की मामी म्हणाल्या, "सुम्मने, उगाच कशाला हा उद्योग? आता कुणी पाहुणा आला तर त्याला वाटेल इथं लग्न झालं." मग मामांनी हिरड्याची एक चिंधी घेतली, मधोमध फाडली, अर्धी नळाच्या तोंडाला बांधली आणि अर्धी मामींच्या साड्यांच्या घडीत ठेवली. साक्षीला, म्हणाले. मी विचारलं, चिंधी कशाला, पाण्यातच दिसेल ना? तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याशी शिकवल्यासारखं बोलले. "पाण्यात डोळ्याला दिसणार नाही इतका रंग असला, तरी हिरड्याचं कापड त्याला धरून ठेवतं. थेंब थेंब गोळा करतं. आठ दिवस पाणी त्यातून गेलं की बघ." ही युक्ती त्यांनी मला सांगायला नको होती. माझ्या बाजूची होती ती. पण मामांना आपण हरू असं वाटतच नव्हतं, आणि मला तेव्हा त्यांच्या या खात्रीचाच जास्त राग आला.

रोज सकाळी ते पेला भरायचे, उजेडात धरायचे, मला दाखवायचे आणि सावकाश पिऊन टाकायचे. दुसरा दिवस, तिसरा, पाचवा. पाणी काचेसारखं. रांगेतले लोक माझ्याकडे बघून हसू लागले. गौरम्मा तर म्हणाली, "आजचं फारच हलकं आहे, अज्जा, रंग घातल्यापासून सुधारलंय." मामांनी तिला तीन घडे जास्त दिले. सातव्या दिवशी चिंधी पाहिली, पिवळी. उद्यापासून लता हे पाणी पिणार, आणि मी तोंड मिटून घरी बसणार. त्या संध्याकाळी मामींना भेटायच्या निमित्तानं मी परसात गेले, राणी रंगाच्या डब्याच्या तळाशी जे खरवडून निघालं ते नखानं खरवडलं आणि आमच्याच पत्रकाच्या तुकड्यात पुडी बांधली. खऱ्या गोष्टीसाठी चिमूटभर खोटं, त्यात काय एवढं, असं स्वतःला सांगितलं. ते सांगायला मला फार वेळ लागला नाही, हेही लिहून टाकते.

आठव्या दिवशी उजाडता उजाडता मी स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत गेले. पर्समध्ये पुडी. नळापाशी मामा आधीच उभे होते. चिंधी नळाला नव्हती, त्यांच्या हातात होती. दुसऱ्या हातात मामींच्या साडीतली साक्ष. सूर्य अजून वर आला नव्हता. रंग बघायला तोच उजेड खरा, असं ते नेहमी म्हणायचे. ते दोन्ही तुकड्यांकडे आळीपाळीनं पाहत होते, आणि ते किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक.

"काय झालं मामा?"

"रंग आलाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. दोन पिवळ्या चिंध्या. वाकून पाहिलं, डोळे चोळून पाहिलं. दोन पिवळ्या चिंध्या. आवाज ऐकून मामी आल्या, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मला तर काही दिसत नाही हो." गौरम्मा दुधाचा कॅन खाली ठेवून आली. "एनू इल्ल, अज्जा," तिनं ठामपणे सांगितलं. काही नाही. तिच्या आवाजात सुटका होती. साऱ्या गल्लीत कुणालाही दिसलं नसतं. मामांनी चिंधी पुन्हा नळाला बांधली असती आणि खुर्ची टाकून बसले असते, तर पैज त्यांचीच होती.

मी म्हटलं, "हो, मला दिसतोय. थोडा गुलाबी."

"खोटं बोलू नकोस," मामा म्हणाले. "तुला दिसत नाही. तुला लाल आणि तपकिरी कळत नाही, तुझी पत्रकं पाहिलीत मी." मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. राणी रंग वाईट. घामानं ओला झाला की सोडत नाही. माझी तीन बोटं आणि नखं गुलाबी होती. मामींनी पाहिलं, गौरम्मानंही पाहिलं. मी मूठ मिटली. आता गल्ली म्हणणार, हिनंच लावला.

मामांनी माझा हात धरून उजेडात नेला, चिंधी बोटांशेजारी धरली आणि गौरम्माला, जिला यातलं काहीच दिसत नव्हतं, समजावून सांगितलं, "हा तिच्या बोटांवरचा वेगळा. सुका लागलाय, वर बसलाय. कापडातला पाण्याबरोबर येऊन आत शिरलाय. खड्ड्यातून आलाय तो. हिनं काही केलेलं नाही." मला मात्र एवढंच म्हणाले, "हात धू. या नळावर नको."

मग त्यांनी आत जाऊन पंपाच्या बटणाचा बोर्ड उघडला, तारा सोडवल्या, बाहेर येऊन नळाला गोणपाट गुंडाळलं आणि ते तारेनं आवळलं. फिरकीच्या तांब्यातलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. त्यानंतर ते गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले, चहा न घेता, आणि सगळीकडे तेच बोलले, की मी तुम्हाला घाण पाणी पाजलं. ज्या दोन घरांत कावीळ झाली होती तिथं ते किती तरी वेळ उभेच राहिले. मी मागून पत्रकं घेऊन चालले होते. एकही वाटलं नाही. लोकांनी त्या दिवसापासून पाणी उकळायला सुरुवात केली. प्रयोगशाळेच्या अहवालानं नाही, काळ्या बाटलीनं नाही, तर कुणालाच न दिसलेल्या एका गुलाबी छटेनं.

लताला मुलगी झाली, दोघी सुखरूप. नगराच्या पाण्यासाठी आम्ही अर्जावर अर्ज केले, त्यांवर पहिली सही मामांची, आणि अर्जाच्या शाईविषयी तक्रारही त्यांचीच. पाईप आला तेव्हा मामांनी पहिला घोट जिभेवर घोळवला. "कावेरी आहे," ते म्हणाले, "पण फार लांबून आलीय. दमलीय." पुढे ते लग्नाला जाताना तांब्या नेईनासे झाले. पंगतीत वाढपी जग घेऊन आला की पेला पुढे करत आणि न चाखता पीत. ते मला बघवत नसे. मी एकदा म्हटलं, मामा, सांगा ना कसं आहे. "पाणी आहे," म्हणाले.

मामा गेले त्याला आता बराच काळ झाला. मामींनी साड्या आवरताना मला त्या दोन्ही चिंध्या दिल्या, घडी करून, एकात एक. माझ्या कामाच्या फाइलमध्ये त्या आहेत. नवी मुलं गटात आली की मी त्यांना दाखवते, खिडकीशी नेऊन, सकाळच्या उजेडात. ती विचारतात, ताई, यातली नळाची कोणती? मी दोन्ही उलटसुलट करून पाहते. ते सांगू शकणारा माणूस एकच होता.